लाखेचे पाणी

उदगीरच्या मोंढ्यात तुरीची आवक सुरू झाली की डाळ हाच गावाचा विषय होतो. आम्ही भाषेचे अध्यापक. तरी अशा गावात राहून डाळीच्या इतिहासाकडे पाठ फिरवणे बरे नव्हे. त्यातही तुरीच्या डाळीतील भेसळ म्हणून जिचे नाव निघते, त्या लाखेचा इतिहास स्वयंपाकघर आणि अपंगत्व यांना एकत्र बांधणारा आहे.

लाख म्हणजे विदर्भातील लाखोळी, हिंदीतील खेसारी वा तिवडा. पाऊस दगा देवो की गारपीट होवो, हे पीक तग धरते. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. दाण्यातील ओडॅप हे द्रव्य, लाख महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की, पायांकडे जाणाऱ्या चेतामार्गांना इजा करते. पाय ताठरतात. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही सरत नाही. पण गेलेली चाल परत येत नाही. वैद्यकाने या रोगाच्या पायऱ्याच काठ्यांवरून ठरवल्या: काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा.

हे ज्ञान नवे नाही. ‘भावप्रकाशा’त ‘त्रिपुट’ हे धान्य माणसाला लंगडे-पांगळे करते असे सांगितले आहे. त्रिपुट म्हणजे लाखच, असे सामान्यतः मानले जाते. सागर प्रांतात १८२९ ते १८३१ अशी तीन वर्षे गहू बुडाला, तिवडा तेवढा तगला आणि १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, अशी नोंद स्लीमनने केली आहे. ‘लॅथिरिझम’ हे नाव १८७३ साली नेपल्सच्या कांतानीने दिले. १९४२ मध्ये वाप्न्यार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खाऊ घातले गेले. त्यांच्यातीलच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी रोगाचे मूळ अन्नात आहे हे ओळखले. दुष्काळ असो वा तुरुंग, ताटात दुसरे काही नसणे ही अट सर्वत्र सारखीच दिसते.

आपल्याकडे १९६१ साली अन्नभेसळ कायद्याच्या नियमांनी लाखेच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली, १९६४ साली ओडॅपची ओळख पटली आणि १९६६ साली हैदराबादच्या मोहन, नागराजन व गोपालन या संशोधकांनी ते काढण्याची साधी कृती प्रसिद्ध केली. डाळ गरम पाण्यात भिजवावी किंवा भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे. विषाचा बराच मोठा भाग पाण्याबरोबर जातो. आमच्या मते हा आधुनिक भारतातील एक महत्त्वाचा पाककलेचा धडा होय. त्याची एक किंमतही आहे: त्याच पाण्याबरोबर ब गटातील जीवनसत्त्वेही वाहून जातात.

परंतु धडा ज्याच्यासाठी होता, त्याच्या घरी काय होते? भरपूर पाणी आणि भरपूर सरपण ही दुष्काळात न मिळणारीच साधने. ज्या जिल्ह्यातील लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातील आम्हांला ‘पाणी फेकून द्या’ हे वाक्य सहज वाचता येत नाही. शिवाय रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरीच लाखेच्या रूपाने मिळे. तिथे काय शिजवावे, हे चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नव्हे तर मालकाच्या हाती होते.

त्याच २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना अनुकूल कौल दिला. बियाणे सुधारले ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही जे आधीच पांगळे झाले, त्यांचा प्रश्न वाणाने सुटत नाही. जमिनीवरच्या चुलीपर्यंत सरपटत का होईना, पोचता येत असे. आजच्या ओट्यापर्यंत बसलेल्या माणसाचा हात जात नाही. आहाराचे वर्ग भरवताना आपण कृती आणि घटकद्रव्ये सांगतो. त्याआधी घरात पाणी आहे का, सरपण आहे का आणि रांधणाऱ्याचा हात भांड्यापर्यंत पोचतो का, हे विचारले पाहिजे. लाखेच्या इतिहासाने आम्हांला एवढे तरी निश्चित शिकवले.