अफगाण चर्चांतील रंगीत कांचा

ख्रिस्ती देवालयांतील रंगीत कांचांच्या खिडक्या केवळ शोभेकरितां बसविलेल्या नसतात. ज्या काळीं युरोपांत बहुजनसमाजास अक्षरओळख नव्हती, त्या काळीं धर्मकथा डोळ्यांवाटे मनांत उतरविण्याचें काम त्यांनीं केलें. आपल्याकडे चित्रकथी जें आपल्या चित्रांनीं साधीत, तेंच बाराव्या शतकापासून फ्रान्सांतील शार्त्रसारख्या देवालयांत कांचेनें साधलें.

या कांचेची भाषा सांकेतिक आहे. कोंकरूं म्हणजे बळी गेलेला ख्रिस्त; कबूतर म्हणजे पवित्र आत्मा; आपली छाती फोडून पिलांना रक्तानें पोसणारा पाणकोळी म्हणजे ख्रिस्ताचा आत्मयज्ञ. मत्तयाचें चिन्ह मनुष्य, मार्काचें सिंह, लूकाचें बैल आणि योहानाचें गरुड. तांबडा रंग हुतात्म्यांच्या रक्ताचा, निळा स्वर्गाचा. सूर्यकिरण कांच न भंगतां आरपार जातो, तसा ख्रिस्त कुमारी मरियेच्या पोटीं आला, असा दृष्टांत देऊन मध्ययुगीन धर्मचिंतकांनीं खुद्द कांचेलाच प्रतीक केलें.

खानदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या मिशनरी मंडळ्या आल्या, त्यांचा भर प्रवचनावर व शास्त्रवाचनावर होता, चित्रांवर नव्हे. म्हणून ही कला नीट पाहावयाची तर जळगांव-धुळ्याच्या वाचकास मुंबईस, कुलाब्याच्या सेंट जॉन देवालयांत, जावें लागतें. लोक यास अफगाण चर्च म्हणतात. १८४७ सालीं याचा पाया घातला गेला व १८५८ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. येथील कांचा इंग्लंडांतील न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यांतून आल्या.

हें देवालय पहिल्या अफगाण युद्धांत व सिंधच्या मोहिमांत मेलेल्यांचें स्मारक आहे. त्या युद्धाशीं खानदेशचाही एक धागा जुळतो. १८२५ सालीं धरणगांव येथें भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम हाच पुढें १८३८-३९ मध्यें सर जॉन कीन यांच्या बरोबर अफगाणिस्तानांत गेला. कीन यांच्या हाताखालीं मुंबई इलाख्याची जी फौज होती, तिच्यांत कोंकण-दख्खनचे एतद्देशीय शिपाईही होते.

आतां भिंतीवरील शिलालेख पाहावे. तेथें अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं आहेत. सामान्य शिपायांविषयीं मात्र, ते इतके अगणित होते कीं त्यांचीं नांवें लिहितां आलीं नाहींत, एवढेंच म्हटलें आहे. जी कला मूळीं निरक्षरांसाठीं जन्मली, तिच्याच छायेखालीं अक्षरांचा मान अधिकाऱ्यांच्या वांट्यास आला, आणि शिपायांचें मरण एका वाक्यांत आटोपलें. हा विरोध कारागिराच्या हातचा नाहीं. तो साम्राज्याच्या व्यवस्थेंतील आहे.

तरी कांचेवर अन्याय करूं नये. ख्रिस्ती कल्पनेंत कोंकरूं सर्वांकरितां बळी जातें. त्यासाठीं हुद्दा विचारला जात नाहीं. पराभवाचें व मरणाचें दुःख ज्या श्रद्धेनें सोसलें जातें, ती या रंगांत खरोखरच आहे. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें येथें खिडकी व भिंत हीं दोन्ही एकत्र वाचावीं. खिडकी पाहिली तर त्या लोकांची आशा कळते. भिंत वाचली तर कोणाचें स्मरण त्यांना अवश्य वाटलें हें कळतें. एकीवांचून दुसरीचा अर्थ अपुरा राहतो.