‘हॅक’ची कुळकथा: टेलिफोनच्या भंगारातून संगणकापर्यंत

‘खाते हॅक झाले’ हे वाक्य मराठीत आता रुळले आहे आणि त्यातील ‘हॅक’ या शब्दाने ऐकणाऱ्याच्या मनात परक्याची घुसखोरी एवढाच अर्थ उमटतो. इंग्रजीतील या क्रियापदाचा जुना अर्थ मात्र वेडेवाकडे घाव घालून तोडणे असा आहे. लाकूडतोडीच्या या शब्दाने संगणकाच्या क्षेत्रात प्रवेश केला तो खेळण्यातल्या आगगाडीच्या मार्गाने, आणि ती आगगाडी टेलिफोनच्या जुन्या सुट्या भागांवर चालत होती.

शब्दाच्या आधी या सुट्या भागांचे कुळ पाहिले पाहिजे. त्यांतील मुख्य भाग म्हणजे ‘रिले’. विद्युतचुंबकाने एक पट्टी ओढून घ्यायची आणि त्या हालचालीने दुसरे, अधिक शक्तीचे मंडल जोडायचे किंवा तोडायचे, एवढेच त्याचे काम असते. लांबच्या प्रवासात टप्प्याटप्प्यावर थकलेले घोडे सोडून ताजे घोडे जुंपण्याच्या पद्धतीला इंग्रजीत हेच नाव होते. तारायंत्रात दुरून क्षीण होऊन आलेला प्रवाह ताज्या बॅटरीचा प्रवाह सुरू करून देई, म्हणून ते नाव या उपकरणाला मिळाले. दुसरा भाग म्हणजे पायरीपायरीने सरकणारा स्विच. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्या व्यावसायिकाला १८९१ मध्ये स्वयंचलित टेलिफोन जोडणीचे पेटंट मिळाले. पुढे प्रचलित झालेल्या या पद्धतीच्या स्विचमध्ये ग्राहकाने तबकडी फिरवली की निघणाऱ्या प्रत्येक स्पंदासरशी एक दांडा एकेक पायरी वर चढतो आणि मग तसाच एकेक घर आडवा सरकतो, त्यामुळे दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर दहा घरे अशा शंभर जागांपैकी नेमकी एक त्याला गाठता येते.

रेल्वे स्थानकाच्या यंत्रांशी या भागांचे नाते जवळचे आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या रूळमंडलाच्या रचनेत गाडीची चाके दोन्ही रूळ विजेने एकमेकांना जोडतात, त्यामुळे रिलेचा प्रवाह तुटून त्याची पट्टी खाली पडते आणि सिग्नल ‘धोका’ दाखवू लागतो. कोणता मार्ग मोकळा आहे, तो कोणाला द्यायचा आणि एकाला दिलेला मार्ग दुसऱ्याला मिळणार नाही याची खात्री कशी करायची, हे प्रश्न टेलिफोन केंद्रापुढे जसे असतात तसेच सिग्नल केबिनपुढेही असतात. म्हणूनच टेलिफोनसाठी घडवलेला भाग आगगाडीच्या प्रतिकृतीत चपखल बसू शकला.

हा मेळ प्रत्यक्षात घडला तो मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’मध्ये. १९४६ साली सुरू झालेल्या या विद्यार्थी मंडळाची खोली ‘इमारत क्रमांक २०’ मध्ये होती. दुसऱ्या महायुद्धात रडार संशोधनासाठी तात्पुरती म्हणून उभारलेली ही लाकडी इमारत १९९८ पर्यंत टिकली. क्लबमध्ये दोन प्रकारची माणसे होती. काहींना डबे, डोंगर आणि स्थानके हुबेहूब साकारण्यात रस होता, तर ‘सिग्नल आणि वीजपुरवठा’ उपसमितीचे सदस्य टेबलाखालच्या तारांच्या जाळ्यात रमत. वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन साहित्य बनवणाऱ्या कंपनीच्या देणगी योजनेतून त्यांना रिले आणि स्विच मिळाले होते. रूळमार्गाचे विजेच्या दृष्टीने स्वतंत्र खंड पाडून, टेलिफोनची तबकडी फिरवून हवा तो खंड आपल्या ताब्यात घेण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली, त्यामुळे एकाच मांडणीवर अनेक जणांना एकाच वेळी गाड्या चालवता येऊ लागल्या.

मुद्दाम बनवून घेतलेला भाग सोबतच्या सूचनांप्रमाणे जोडला की भागते. दुसऱ्या कामासाठी घडलेला भाग मात्र आतून समजून घेतल्याखेरीज नव्या कामाला लावता येत नाही. ‘हॅक’चा नवा अर्थ या गरजेतून आकाराला आला. क्लबच्या एप्रिल १९५५ मधील बैठकीच्या टिपणात, वीजव्यवस्थेवर काम किंवा ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी फ्यूज उडू नये म्हणून आधी वीज बंद करावी, अशी सूचना नोंदलेली आहे. पीटर सॅमसन यांनी १९५९ मध्ये क्लबच्या बोलीचा छोटा कोश तयार केला. त्यात ठोस उपयोगाचा हेतू न ठेवता केलेली करामत, अशा आशयाचा अर्थ थट्टेच्या सुरात दिला आहे.

हेच सदस्य पुढे संस्थेतील ‘टीएक्स-०’ आणि ‘पीडीपी-१’ या संगणकांकडे वळले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला तेव्हा संगणकाच्या पटलावरील खटक्यांनी तो खेळणे गैरसोयीचे ठरू लागले; मग ॲलन कोटॉक आणि रॉबर्ट सॉन्डर्स यांनी क्लबच्या खोलीतले लाकूड, तारा, बॅकेलाइट आणि स्विच जोडून हातात धरण्याजोगे नियंत्रक बनवले.

शब्दाला काळी छटा चढण्यास फार वेळ लागला नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये संस्थेच्या ‘द टेक’ या विद्यार्थी वृत्तपत्राने टेलिफोन हॅकरांविषयी बातमी छापली. संगणकाच्या साहाय्याने दूरध्वनी व्यवस्थेतील वाटा धुंडाळण्याच्या त्यांच्या उद्योगामुळे काही टेलिफोन सेवांवर मर्यादा घालाव्या लागल्याचे त्यात म्हटले होते. शब्दाचे दोन्ही अर्थ अशा रीतीने टेलिफोनपाशी येऊन भिडतात. दोन्हींच्या मुळाशी यंत्र आतून जाणून घेण्याची तीच विद्या होती. टेबलाखालचे यंत्र देणगीतून आपलेसे झालेले होते आणि तारेच्या टोकाचे दुसऱ्याचे होते, एवढ्याच फरकाने कौतुकाचा शब्द तक्रारीचा झाला.