कान्हेरी : कल्याणकरांच्या दानातून घडलेली भिक्खूंची वसाहत

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, ओढ्याच्या घळीच्या दोन्ही अंगांना काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी. भिक्खूसंघ येथे सुमारे हजार वर्षे नांदला. क्र. 3 चे भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. बहुतेक विहारांलगत पाण्याचे टाके आहे. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींतून त्यात उतरते. शिवाय ध्यानाला ओटे, सभेला मंडप आणि दिवंगत भिक्खूंचे विटांचे स्तूप.

हे सारे केवळ राजांनी उभारले नाही. दानलेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील व्यापारी, कारागीर, भिक्खुणी आणि उपासिका भेटतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने एक टाके दिले. नौपाड्यातून लेणीभेटीला जाताना आम्ही म्हणूनच आधी दानलेख समजून घेतो. आपल्याच परिसरातल्या कष्टकऱ्यांचा धम्माशी असलेला संबंध तिथे दगडावर लिहिलेला आहे. तो वाचला नाही, तर लेणी फक्त सहलीची जागा उरतात.

उद्यान सोमवारी बंद असते. मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे 6 किलोमीटरवर आहेत. लेखांना हात लावू नये, भिंतींवर काही लिहू नये.