ओपन वॉटर (चित्रपट)

ओपन वॉटर : सुटीसाठी बेटावर गेलेले आणि बोटीवरच्या चुकीच्या शिरगणतीमुळे भर समुद्रात मागे राहिलेले एक जोडपे या विषयावरील अमेरिकन भयपट. लेखन, दिग्दर्शन व संकलन ख्रिस केंटिस यांचे असून निर्मिती त्यांच्या पत्नी लॉरा लाऊ यांची आहे. छायाचित्रण दोघांनी मिळून केले. प्रमुख भूमिकांत ब्लँचर्ड रायन (सुझन) आणि डॅनियल ट्रॅव्हिस (डॅनियल) आहेत. संगीत ग्रेम रेव्हेल यांचे. लांबी ७९ मिनिटे. ऑक्टोबर २००३ मध्ये हॅम्पटन्स आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागला. अत्यल्प खर्चात काढलेल्या भयपटांत त्याचे नाव ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाच्या जोडीने घेतले जाते.

मूळ घटना : चित्रपटाला आधार आहे तो ऑस्ट्रेलियातील एका दुर्घटनेचा. टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन दांपत्य २५ जानेवारी १९९८ रोजी क्वीन्सलँडमधील पोर्ट डग्लसहून पर्यटक पाणबुड्यांच्या बोटीने ग्रेट बॅरियर रीफवर गेले. सेंट क्रिस्पिन्स रीफ येथील डुबकीनंतर सर्वजण परतले आहेत अशा समजुतीने बोट किनाऱ्याकडे निघाली. हे दोघे पाण्यातच होते. त्यांचे सामान बोटीवर तसेच पडून असल्याचे दोन दिवसांनी ध्यानात आले आणि तेव्हा कुठे शोध सुरू झाला. दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. पुढे त्यांच्या साहित्यातील काही वस्तू किनाऱ्याला लागल्या. त्यांत पाण्याखाली लिहिण्याची एक पाटीही होती आणि तिच्यावर मदतीची याचना होती. बोटीच्या कप्तानावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, त्यातून तो निर्दोष सुटला. या प्रकरणानंतर क्वीन्सलँडमध्ये डुबकीच्या आधी व नंतर माणसे मोजण्याचे नियम कडक करण्यात आले.

केंटिस यांनी ही घटना जशीच्या तशी घेतलेली नाही. स्थळ एका अनाम बेटावर हलवले आहे, पात्रे काल्पनिक आहेत आणि त्या दोघांचे पाण्यात काय झाले असावे हा भाग पूर्णपणे कल्पनेने रचलेला आहे.

कथानक : सुझन आणि डॅनियल हे कामाच्या ओझ्याने थकलेले जोडपे. घर सोडतानाही फोन आणि कामाच्या गोष्टी सुटत नाहीत. महत्प्रयासाने काढलेले चार दिवस वाया जाऊ द्यायचे नाहीत, एवढीच दोघांची इच्छा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणबुड्यांच्या बोटीवर चढतात. प्रवासी एकूण वीस. पाण्याखाली दोघे घटकाभर बाकीच्यांपासून वेगळे होतात. इकडे बोटीवर परतलेल्यांची मोजणी चालू असते. एक प्रवासी मास्क विसरल्यामुळे वर राहिलेला असतो, एका बाईला कानाच्या त्रासामुळे लवकर परतावे लागते आणि मग तिचा जोडीदार त्या मास्क विसरलेल्या माणसाला घेऊन पुन्हा पाण्यात उतरतो. या ये-जा करण्यात दोन माणसे दोनदा मोजली जातात. वहीतल्या खुणा वीस भरतात आणि बोट निघते.

सुझन आणि डॅनियल वर येतात तेव्हा आसपास कोणीच नसते. बोट परत येईल ही खात्री पहिल्या तासाभरात आशेवर येते आणि आशा भीतीवर. लांबून जाणाऱ्या बोटी दिसतात, पण त्यांच्यापर्यंत पोहणे शक्य नसते. प्रवाह दोघांना वाहून नेत राहतो. तहान, मळमळ, जेलीफिशचे डंख आणि मग शार्क. भांडण होते तेही घरातल्यासारखेच : इथे यायची कल्पना कोणाची, वेळेवर वर यायला कोणामुळे उशीर झाला, डोंगरात बर्फावर गेलो असतो तर काय बिघडले असते. डॅनियलला शार्क चावतो, रात्री वादळ उठते आणि पहाटेपर्यंत तो गेलेला असतो. बोटीवरची बेवारस बॅग सापडून शोध सुरू होतो त्याच सुमारास सुझन त्याचा देह पाण्यावर सोडून देते. मास्क लावून ती खाली पाहते, भोवती घिरट्या घालणारे शार्क तिला दिसतात. मग अंगावरचे साहित्य काढून ती स्वतःहून पाण्याखाली जाते. श्रेयनामावलीच्या वेळी एका शार्कच्या पोटातून पाण्याखाली वापरायचा कॅमेरा निघताना दिसतो.

निर्मिती : केंटिस आणि लाऊ दोघेही हौशी पाणबुडे. याआधी त्यांनी ‘ग्राइंड’ (१९९७) हा चित्रपट केला होता. ‘ओपन वॉटर’साठी त्यांनी मोठ्या कंपनीकडे न जाता पदरचे पैसे घातले. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आसपास झाल्याचे सांगितले जाते. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम नगण्य म्हणावी अशी. चित्रीकरण डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर झाले. शनिवार-रविवार आणि सुट्या गाठून केलेले हे काम दोन वर्षांहून अधिक काळ चालले.

समुद्रातील दृश्यांसाठी स्टुडिओतला हौद वापरला नाही की यांत्रिक किंवा संगणकीय शार्कही नाहीत. बहामा बेटांजवळ, शार्कांच्या सवयी जाणणाऱ्या अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली, दोन्ही कलावंत खऱ्या शार्कांमध्ये तरंगत होते. शार्कांना जवळ आणण्यासाठी माशांचे तुकडे पाण्यात टाकले जात. कलावंतांच्या वेटसूटखाली धातूच्या जाळीचे चिलखत असे आणि प्रवाहाने ते वाहून जाऊ नयेत म्हणून न दिसणाऱ्या दोरीने त्यांना बोटीशी बांधलेले असे. दोघांनी शंभर तासांहून अधिक काळ पाण्यात काढला. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी रायन यांना बाराकुडा मासा चावला होता.

मांडणी : पैशांची चणचण या चित्रपटात लपवलेली नाही, तिच्यातूनच त्याची पद्धत घडली आहे. कॅमेरा बहुतेक वेळ पाण्याच्या पातळीवर असतो. पडद्याचा खालचा भाग लाटेने झाकला जातो, उघडतो, पुन्हा झाकला जातो. खाली काय आहे हे पात्रांना जेवढे दिसते तेवढेच प्रेक्षकाला. वेळ अधूनमधून पडद्यावर लिहून येते आणि दोन नोंदींमधले अंतर हाच तणाव वाढवण्याचा मुख्य मार्ग ठरतो. डिजिटल व्हिडिओचा काहीसा कोरडा पोत घरगुती सहलीच्या चित्रफितीची आठवण करून देतो, त्यामुळे समोरचे सारे रचलेले आहे याचा विसर पडतो.

रात्रीच्या वादळाचा प्रसंग या पद्धतीचा उत्तम नमुना. पडदा पूर्ण काळा होतो. ऐकू येतात ते फक्त लाटा, मेघगर्जना आणि दोघांचे तुटक आवाज. वीज चमकली की क्षणभर डोकी दिसतात, जवळून जाणाऱ्या शार्कचा पर दिसतो, पुन्हा अंधार. प्रकाशयोजनेवर लाखो डॉलर खर्चूनही जो परिणाम साधता आला नसता तो इथे अंधाराने साधला आहे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’शी (१९७५) तुलना अपरिहार्य आहे, पण दोन्हींची दिशा वेगळी. तिथला शार्क खलनायक आहे, त्याला मारले की गोष्ट संपते. इथल्या शार्कांना कोणाशी वैर नाही. ते येतात, धक्का देऊन चाचपतात, निघून जातात, परत येतात. आपल्या घरात आलेल्या परक्या वस्तूची चौकशी करावी तसे. अपराधी कोणी असेल तर ती वहीत चुकलेली बेरीज. माणसाच्या निष्काळजीपणाचे खापर प्राण्याच्या माथी न फोडण्याचा हा प्रामाणिकपणा शार्कांवरील फार थोड्या चित्रपटांत आढळतो.

प्रदर्शन आणि प्रतिसाद : जानेवारी २००४ मधील सनडान्स महोत्सवात लायन्स गेट या वितरण संस्थेने चित्रपटाचे हक्क सुमारे २५ लाख डॉलरना घेतले. ऑगस्टमध्ये आधी मोजक्या आणि मग देशभरच्या चित्रपटगृहांत तो लागला. अमेरिकेत त्याने ३ कोटी डॉलरहून अधिक, तर जगभरात सुमारे ५.५ कोटी डॉलर मिळवले. बहुतांश समीक्षकांनी त्याच्या वास्तव परिणामाची प्रशंसा केली. सर्वसामान्य प्रेक्षकांत मात्र दोन तट पडले. फारसे काही घडत नाही, पात्रे नुसती तरंगतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही, ही प्रमुख तक्रार. सुरुवातीच्या हॉटेलमधील भागात ती काही अंशी रास्तही आहे. तिथले संवाद ढिले पडतात. रायन यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सॅटर्न पुरस्कार मिळाला.

नंतरचे चित्रपट : ‘ओपन वॉटर २ : अड्रिफ्ट’ (२००६) हा हान्स होर्न दिग्दर्शित जर्मन चित्रपट केवळ नावापुरता पुढचा भाग आहे, शिडी न सोडता बोटीवरून पाण्यात उड्या मारलेल्या मित्रांची ती गोष्ट. तिसरा भाग ‘केज डाइव्ह’ २०१७ मध्ये आला. या दोन्हींमागे केंटिस-लाऊ दिग्दर्शक म्हणून नाहीत. त्या दोघांनी पुढे ‘सायलेंट हाउस’ (२०११) हा एका उरुग्वेयन भयपटावर आधारित चित्रपट दिग्दर्शित केला. ऑस्ट्रेलियातील ‘द रीफ’ (२०१०) आणि हॉलिवूडमधील ‘द शॅलोज’ (२०१६) यांसारख्या चित्रपटांनी थोडी माणसे, एकच जागा आणि शार्क हा साचा पुढे चालवला.

महत्त्व : भयपटाला भुताखेतांची, रक्तपाताची किंवा मोठ्या रकमेची गरज नसते हे अनेकांनी सिद्ध केले आहे. ‘ओपन वॉटर’चे वेगळेपण त्याने निवडलेल्या भीतीत आहे. पर्यटक म्हणून आपण बोट, दोर, सिलिंडर आणि अनोळखी माणसाची वही यांवर बिनघोर विसंबतो. पैसे भरले की सुरक्षितता ओघाने मिळते असे धरून चालतो. हा विश्वास किती थोडक्यात तुटू शकतो ते चित्रपट कोणताही उपदेश न करता दाखवतो. त्यातील दोघांनी कोणताही नियम धाब्यावर बसवलेला नसतो, कोणतेही पाप केलेले नसते, आणि म्हणूनच त्यांच्या वाट्याला आलेले मरण प्रेक्षकाला आपल्यापासून दूर ठेवता येत नाही. अल्प साधनांत भयपट करू पाहणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी ही कृती आहे, आणि माणसांना पाण्यावर नेण्याची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशीही.