परळ : चाकावरून उतरवणी व सुकवणी (खानदेश)

परळ हे मातीचे उथळ, पसरट पात्र. माठावर झाकण म्हणून, घटस्थापनेत धान्य पेरायला, अंगणात पाखरांना पाणी ठेवायला ते वापरतात. चाकावर ते पाहता पाहता घडते. अवघड असते ते ओले असताना उचलणे आणि न वाकवता सुकवणे. घागरीला तिचा गोलावाच सावरून धरतो, सपाट तळाला तसा आधार नाही.

घडण : गोळा मध्यावर बसवून पसरवल्यावर तळ बोटांनी मध्यापासून कडेपर्यंत आणि परत मध्याकडे नीट दाबून घ्यावा लागतो. ही दाबणी कमी पडली, तर सुकताना तळाला नागमोडी चीर जाते. नवशिक्याचे लक्ष कडेच्या देखणेपणाकडे असते. जाणता कुंभार आधी तळ पाहतो.

उतरवणी : लहान परळ मोठ्या गोळ्याच्या माथ्यावर घडवून, चाक फिरत असतानाच दोऱ्याने कापून उचलतात. मोठा परळ असा उचलता येत नाही. हातात तो वाकतो, आणि बोटांनी सरळ केला तरी सुकताना किंवा भाजताना तोच बाक पुन्हा उमटतो. म्हणून चाकावर फळी बसवून तीवर परळ घडवावा आणि फळीसकट उतरवावा, हे उत्तम. चाकावर बसणारी फळी नसेल तर चाक थांबवून त्यावर पाणी सोडतात, ताणलेला दोरा तळाखालून ओढतात आणि त्या पाण्यावरून परळ शेजारच्या ओल्या फळीवर सरकवतात.

सुकवणी : घडणीची माती सुकताना साधारण ५ ते ८ टक्के आकसते. कड पातळ आणि उघडी असल्याने आधी वाळते. तळ मागे राहिला की कड वर ओढली जाते किंवा तडकते. यावर उपाय म्हणजे कडेवर ओलसर फडके आणि मध्य उघडा. कड थोडी घट्ट झाली की वर दुसरी फळी ठेवून परळ दोन फळ्यांमध्ये धरून उलटा करतात, म्हणजे तळालाही हवा लागते.

खानदेशातील स्थिती : जळगाव, भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. माठ-घागरींची मोठी मागणी नेमकी तेव्हाच, आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) सुमारास असते. पुरणाच्या मांड्यांसाठी लागणारे पसरट खापरही याच दिवसांत खपते. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच सुकवणी सर्वांत धोक्याची. इथे सावली आणि वाऱ्याचा आडोसा हे मातीइतकेच महत्त्वाचे. काळी कापसाची जमीन ओली होताच फुगते आणि वाळताना भेगाळते, त्यामुळे तिची माती एकटी या कामाला चालत नाही. नदी-तळ्याचा गाळ घेऊन त्यात राख, वाळू किंवा लीद मिसळतात. हे मिश्रण आकसणे कमी करते.

प्राचीनता : या भागात पसरट पात्रे फार जुनी आहेत. शहादा तालुक्यातील (१९९८ पर्यंत धुळे, आता नंदुरबार जिल्हा) सावळदा गावावरून नाव पडलेल्या, इ.स.पू. २००० च्या सुमाराच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या भांड्यांत उथळ थाळ्या आहेत, उंच बैठकीवरच्या थाळ्याही आहेत. धुळे जिल्ह्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात या संस्कृतीची वस्ती उजेडात आली. थाळी आणि बैठक वेगवेगळी घडवून ओलसर असताना जोडायची, तर दोन्हींची ओल जवळपास सारखी असावी लागते. ती साधण्याची जाण त्या कारागिरांना असावी.

आजचे चाक : खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत विजेची चाके दिली. दांड्याने चाक फिरवण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. परळासाठी मात्र चाकासोबत पुरेशा फळ्या आणि सावलीची मांडणीही मिळायला हवी.