एका बिघडलेल्या वाक्याची हकीगत

सप्टेंबर १८८५मध्ये ‘न्यूयॉर्क मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात विल्यम हॉल्स्टेड या तिशीतल्या शल्यविशारदाचा एक लेख प्रसिद्ध झाला. कोकेनचा वापर आणि गैरवापर असे दोन्ही शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत. पण पहिले वाक्य वाचू लागावे, तर उपवाक्यांत उपवाक्ये अडकत जातात आणि वाक्य संपते तेव्हा लेखकाला काय म्हणायचे होते हे कळलेलेच नसते. आम्हा साहित्याच्या मंडळींना अशी वाक्ये ओळखीची आहेत; आम्ही त्यांना दुर्बोध म्हणून मोकळे होतो. येथे मात्र ते रोगाचे लक्षण होते. लेखक कोकेनच्या पुरता आहारी गेला होता.

वर्षभरापूर्वी व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिले होते. रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया! बातमी न्यूयॉर्कला पोचताच हॉल्स्टेड, त्याचा सहकारी रिचर्ड हॉल आणि भोवतालचे विद्यार्थी कामाला लागले. मज्जातंतूपाशी सुई टोचून त्यावर अवलंबून असलेला सारा भाग बधिर करता येईल का, हा प्रश्न होता. प्रयोगाला शरीरे हवी होती; त्यांनी स्वतःचीच वापरली. आज दाताच्या दवाखान्यात आपला खालचा जबडा बधिर करतात, त्या इंजेक्शनचे मूळ या प्रयोगांत आहे.

व्यसनाची कारणे शोधणारे बहुधा दुःख, एकटेपणा, वाईट संगत यांपासून सुरुवात करतात. येथे संगत तर उत्तम होती. हॉल्स्टेड अनेक रुग्णालयांत काम करी आणि शिवाय विद्यार्थ्यांची लोकप्रिय शिकवणीही घेई. कोकेनने झोप उडते, भूक मरते, थकवा जाणवत नाही. ज्याला मुळातच दिवस पुरत नाही, त्याला हे दुष्परिणाम कसे वाटावेत? औषध टेबलावर होते. कायद्याची आडकाठी नव्हती. स्वतःवर प्रयोग करणे शौर्याचे समजले जाई, आणि जो औषध जाणतो त्याला औषध बाधत नाही, असा भाबडा विश्वासही असणार. त्यात सुई गुरूच्या हातात. आमच्या मते हे कारण सर्वांत जड. विद्यार्थी गुरूला ‘नको’ म्हणत नाही. वैद्यकातच कशाला, आपल्या विभागांतही म्हणत नाही.

हॉल्स्टेड तगला. १८८६मध्ये विल्यम वेल्च या मित्राने त्याला शिडाच्या जहाजातून वेस्ट इंडीजकडे नेले. मग प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात उपचार झाले आणि कोकेनच्या जोडीला मॉर्फिन आले. वेल्चनेच त्याला बाल्टिमोरला बोलावले, आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये तो शल्यक्रियेचा प्राध्यापक झाला. तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, अविवाहित असावे, हाक येईल तेव्हा उठावे, ही त्याने बसवलेली घडी. आपल्याकडचा ‘रेसिडेंट’ हा शब्द त्याच परंपरेतला. ही पद्धत म्हणजे कोकेनची निपज, असे हल्ली सुचवले जाते. ते आम्हांला पटत नाही. हॉपकिन्समधला हॉल्स्टेड वारंवार गैरहजर असे आणि उन्हाळ्यात महिनोन्‌महिने बाहेरगावी राही. मात्र थकव्याला उणेपणा मानणारी व्यवस्था आणि हाताशी औषधांचे कपाट, ही जोडी पुढेही टिकली.

मॉर्फिन चालूच होते, हे सहकारी विल्यम ऑस्लरला ठाऊक होते. त्याने ते लिहून ठेवले, पण मोहोरबंद. हकीगत छापली गेली १९६९मध्ये, हॉल्स्टेडच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी.

या धंद्यातले गुपित कथेच्या आडून का होईना, स्वतः उघडे करणारा डॉक्टर रशियात निघाला. मिखाईल बुल्गाकोव्ह १९१६मध्ये कीएव्हला पदवी घेऊन स्मोलेन्स्क प्रांतातल्या खेड्यावर रुजू झाला. घटसर्पाच्या रोग्याचा संसर्ग होईल म्हणून स्वतःला सिरम टोचून घेतले, ते बाधले, वेदना असह्य झाल्या, मॉर्फिन घेतले. मग ते सुटेना. पत्नीच्या साहाय्याने १९१८मध्ये तो त्यातून बाहेर आला. ‘मॉर्फिन’ ही त्याची कथा १९२७मध्ये प्रसिद्ध झाली, तीही वैद्यकीय व्यावसायिकांच्याच नियतकालिकात. तिच्यातला तरुण डॉक्टर पोल्याकोव्ह वाचत नाही, पण त्याची रोजनिशी मागे राहते.

हॉल्स्टेडने १९१८मध्ये ऑस्लरला एक पत्र लिहिले. त्या प्रयोगांत कोकेन जडलेले तिघे त्यातून न सुटताच गेले, असे त्यात आहे. हॉलचे नाव आहे. बाकीचे दोघे नुसते ‘सहायक’ आहेत.