लॉर्नाची मुकी वर्षं

परवा बदलापूर लोकलमध्ये कानात 'बेबदो' वाजत होतं, उल्हासनगर-अंबरनाथ कधी गेलं कळलंच नाही! बेबदो म्हणजे कोकणीतला बेवडा. १९७१ची रेकॉर्ड, आवाज लॉर्ना कोर्देरोचा, संगीत ख्रिस पेरीचं. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलात, 'व्हेनिस'मध्ये, हे दोघे गोवेकर जॅझ रंगवायचे.

मग दोघं दुरावली आणि लॉर्नाचं गाणंच थांबलं. वीसेक वर्षं! १९९५ साली 'हॅलो लॉर्ना' घेऊन ती परतली, लोकांनी डोक्यावर घेतलं. दोघांच्या कहाणीवरून २०१४ साली 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपटही आला.

पण मधल्या वर्षांतली न झालेली गाणी कुठून आणायची?

गाणं सोडलेल्या बायका आपल्याही घरांत आहेतच... मावशी, वाचते आहेस ना? पेटी काढ बघू.